चार कोटी दोन लाख सदुसष्ट हजार नऊशे सत्त्याहत्तर

१

कपाटाची कडी कापायला कुलूपवाल्याला अख्खी सकाळ लागली. लोखंडाचा भुगा फरशीभर सांडला, खोलीत जळका वास कोंडला आणि शेवटी दार करकरत उघडलं. आत मखमलीचा एक डबा होता. डबा रिकामा होता.

घरचे चिरंजीव पाण्याचे पंप विकायचे. रिकाम्या डब्यात हात घालून ते चारही कोपरे चाचपत राहिले, जणू सोनं मखमलीत मुरलं असावं. आईच्या सोन्याच्या बांगड्या, मोत्यांचा हार, कानातली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो ऐवज या कपाटात होता. कापण्याआधी कुलूप शाबूत होतं. दारावर ओरखडा नव्हता. म्हणजे ज्याने नेलं त्याने नीट उघडून नेलं होतं आणि नीट बंद करून ठेवलं होतं.

हे सगळं होत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीत, चिरंजिवांचे वडील बसले होते. गावभर त्यांना ‘सर’ म्हणत. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं आणि म्हातारपणी सगळं विसरले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. फुटलेल्या कपाटाकडे पाहून ते शांतपणे म्हणाले,

“तीन.”

“हो बाबा, तीन वाजता चहा,” चिरंजीव न बघताच म्हणाले आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

आल्या त्या फौजदारबाई. निवृत्ती तोंडावर आलेली, टाचा दुखणाऱ्या आणि घरातल्या चोऱ्यांना विटलेल्या. बाहेरचा चोर असला की निदान भिंतीवरून उडी मारावी लागते, कुणाचा तरी पाठलाग होतो. घरातल्या चोरीत फक्त माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. बाईंनी असं न बघणं नोकरीभर पाहिलं होतं.

कपाटाच्या दारावर आकडे कोरलेल्या, फिरवायच्या पितळी चकत्यांच्या दोन ओळी होत्या, एका ओळीत चार. त्यांच्यावर पितळेची पाटी आणि पाटीवर कोरलेली एक संख्या: ४०२६७९७७.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“बाबांची हौस,” चिरंजीव म्हणाले. “या संख्येचे म्हणे दोनच तुकडे होतात. चार आकडी दोन संख्यांचा गुणाकार करून ही बनलीय. त्या दोन ज्याला सापडतील त्याला कपाट उघडेल. आल्यागेल्याला हे आव्हान द्यायचे. मी गणिताच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, म्हणून कटर बोलावला.”

“म्हणजे किल्ली दारावरच लिहून ठेवलेली?”

“तेव्हा ते कुणाला फोडता यायचं नाही हो. आता काय, फोनवर टाकलं की झालं.”

हे ऐकून बाईंबरोबर आलेल्या हवालदाराने घरातल्यांचे फोन मागितले. सरांना सांभाळणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये त्या पाटीचा फोटो निघाला. फोटोखाली त्याच दिवशी केलेला शोध: ‘या संख्येचे तुकडे कसे करायचे.’

मावशींच्या हातात सरांसाठी कुस्करलेल्या भाताची वाटी होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

२

“फोटो तुम्हीच काढला?”

“मीच.”

“कशाला?”

चौकीतल्या बाकावर मावशी अंग चोरून बसल्या होत्या. रात्र कोठडीत काढली होती, केस विस्कटलेले होते आणि समोरचा चहा गार झाला होता.

“बाई, आजोबा रोज दुपारी खुर्ची ओढत त्या कपाटापाशी नेतात. दारावरून हात फिरवतात. कधी रडतात. मला वाटायचं, यांना आतलं काहीतरी बघायचंय. उघडून दाखवलं तर जीव शांत होईल. रविवारी ते चष्मेवाले येतात ना, ते सांगायचे की दोन तुकडे केले की उघडतं. म्हणून मी फोनला विचारलं.”

“आणि उघडलं.”

“कुठलं उघडतंय! फोन म्हणाला तीन. मला केवढा आनंद झाला. आजोबा पण दिवसभर तीनच म्हणतात! पण तीनच्या पुढे हे भलंमोठं काहीतरी आलं, ते चकत्यांत मावेचना. मग नाद सोडला.”

फौजदारबाईंनी टेबलाखाली बुटातून टाच मोकळी केली. आरोपी प्रयत्न केल्याचं कबूल करते, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. बाकीचं कानावरून गेलं. थकलेल्या माणसाला आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

“बांगड्या कुठे विकल्या?”

मावशींनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

“मी सात घरची म्हातारी माणसं सांभाळली. कुणाच्या घरातला चमचा इकडचा तिकडे झाला नाही. तुम्हाला चोर पाहिजे ना, मग लिहा माझं नाव. पण त्या घरी कुणाला तरी विचारा, आजोबा जेवले का.”

बाईंनी विचारलं नाही. पण जिना उतरताना तो प्रश्न त्यांच्या मागून उतरला.

३

चष्मेवाला हा सरांचा जुना विद्यार्थी. दुकान लहान, भिंतीवर चष्म्यांच्या रांगा. आत गेलं की शंभर डोळे नसलेले चेहरे आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटे.

“मीच चोर असणार असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे,” तो बसा म्हणायच्या आधीच म्हणाला. “गावात गणिताची खाज असलेला मीच उरलोय.”

“तुम्ही कधी प्रयत्न केला होता?”

“शाळेत असताना केला. सात, अकरा, तेरा, सतरा असं भागत बसायचो, दगडी पाट्यांमागून पाट्या भरायच्या. मूळ संख्या म्हणजे जी फुटत नाही ती, हे ठाऊक असेल तुम्हाला. अशा दोन न फुटणाऱ्या संख्यांचा गुणाकार करायला मिनिट पुरतं. पण गुणाकार समोर ठेवून त्या दोन शोधायला माणसाचे महिने जातात. सर म्हणायचे, संसारासारखं आहे. दोघांना एकत्र आणणं सोपं, नंतर कुणाचं काय होतं ते वेगळं काढून दाखवा.”

बाईंना हसू आलं. त्यांनी ते आवरलं.

“आणि फोन आल्यावर?”

“नाही केला.” तो काच पुसत राहिला. “सर गेल्यासारखेच आहेत. त्यांचं कोडंही गेलं तर रविवारी मी तिथे कशाला जाऊ?”

“त्या खोलीत एकटे असता?”

“कधीच नाही. आम्ही व्हरांड्यात बसतो, मावशी शेजारी असतात. मी संख्या म्हणतो, सर सांगतात फुटते की नाही. माझं नाव त्यांना सांगता येत नाही. पण संख्या अजून चुकत नाहीत.” मग हातातली काच खाली ठेवून म्हणाला, “आमच्या ताईंना भेटलात? सरांच्या लेकीला. भाऊ वाटणीचं बोलायला लागला तेव्हा त्या सारख्या एकच म्हणत होत्या, बाबा आहेत तोवर कपाटाला हात लावू नका.”

“का?”

“ते त्यांनाच विचारा. पण मला एक सांगा, सोनं आत आहे असं ज्याला वाटतं, तो वाटणीला एवढा घाबरतो का?”

४

लेक दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटांची नावं पुकारायची, घाबरलेल्यांना धीर द्यायची. लवंगेच्या तेलाच्या वासात, यंत्राच्या घरघरीत, दोघी मागच्या खोलीत उभ्या राहिल्या. लेकीचं वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, केस लवकर पांढरे झालेले. बोलताना तिचे हात एकमेकांना सोडत नव्हते.

“मावशींना अजून ठेवलंय?”

“पुरावा आहे त्यांच्याविरुद्ध.”

“फोटो म्हणजे काय पुरावा झाला? फोटो कुणीही काढेल.”

“मग कुणी नेलं असेल?”

“मला काय माहीत! बाबा कपाट उघडायचे तेव्हा आम्हाला खोलीत थांबू द्यायचे नाहीत. आई गेल्यावर तर ते उघडलेलं मी पाहिलंच नाही.” ती आणखी काही बोलणार होती, थांबली, आणि मग एकदम चिडून म्हणाली, “आणि समजा मावशींना आकडे मिळाले, तरी काय? मोठी आधी लावायची, धाकटी मागून, हे त्यांना कुठे माहीत असणार? बिचारीला उगाच छळताय तुम्ही.”

“तुमचा भाऊ म्हणतो, तिला शिक्षा झालीच पाहिजे.”

“भाऊ पुष्कळ म्हणतो. बाबांना आंघोळ घालायला कधी आला नाही.”

“तुम्ही जाता?”

“मावशींच्या सुट्टीला जायचे.” बाहेरून डॉक्टरांनी हाक मारली. जाता जाता ती दारात वळली. “ते मला ओळखत नाहीत, बाई. मी समोर बसले की विचारतात, ‘आपण कुणाकडे आलात?’ आपल्याच घरात पाहुणी होऊन बसायचं. दोन वर्षं झाली.”

फौजदारबाई रस्त्यावर आल्या. ही बाई मावशींसाठी भांडत होती. मग मावशी निर्दोष आहेत असं वाटत असून चौकीत येऊन का भांडली नाही? त्यांना वाटलं, तिच्या बोलण्यात काहीतरी खडा लागला. पण खडा नेमका कुठे होता ते आठवेना. टाचांनीच सगळं डोकं व्यापलं होतं.

५

फौजदारबाई त्या घरी पुन्हा गेल्या तेव्हा चिरंजीव सरांना भरवायचा प्रयत्न करत होते. भात सदऱ्यावर सांडला होता, वाटी उपडी झाली होती आणि चिरंजीव चमचा हातात धरून रडकुंडीला आले होते.

“तोंडच उघडत नाहीत. सारखं ‘तीन’ म्हणतात म्हणून तीन वाजता चहा देतो, तीन बिस्किटं देतो, तेवढंच काय ते. मावशींकडून कसे जेवायचे कोण जाणे.”

“तुम्ही जरा बाहेर जाऊन या,” बाई म्हणाल्या. “मी बसते.”

बसायला मिळालं याचंच त्यांना बरं वाटत होतं. सर खिडकीकडे बघत होते. हळूहळू त्यांची नजर बाईंच्या गणवेशावर आली, खांद्यावरच्या बिल्ल्यावर थांबली. बिल्ल्यावर १५१७ असा क्रमांक होता.

“सदतीस,” सर म्हणाले. “एक्केचाळीस.”

“काय म्हणालात?”

सरांनी पुन्हा खिडकीकडे मान वळवली. बाईंनी फोन काढला आणि सदतीस गुणिले एक्केचाळीस करून पाहिलं. पंधराशे सतरा. त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या. नोकरीभर हा क्रमांक खांद्यावर वागवला. तो फुटतो आणि असा फुटतो, हे आज कळत होतं.

त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. सरही तिकडेच बघत होते. पाटीवर नजर पडताच तोच स्वर, तीच खात्री:

“तीन.”

चहा नव्हे. बिस्किटं नव्हेत. या माणसाकडे शब्द फारसे उरले नव्हते, पण समोर संख्या आली की ती कशाने फुटते ते तो सांगत होता. बिल्ल्याचं सांगितलं तसं पाटीचंही सांगत होता. रोज. घरभर. आणि घर त्याला चहा पाजत होतं.

शाळेतला नियम त्यांना आठवला. आकड्यांची बेरीज करायची. बेरजेला तीनने भाग गेला तर संख्येलाही जातो. त्या पाटीपाशी गेल्या आणि बोटाने एकेक आकडा धरत गेल्या. चार, शून्य, दोन, झाले सहा. सहा आणि सहा बारा. सात, एकोणीस. नऊ, अठ्ठावीस. सात, पस्तीस. सात, बेचाळीस.

बेचाळीसला तीनने भाग जातो.

म्हणजे या संख्येचा एक तुकडा तीन होता. चार आकडी दोन मूळ संख्यांचा गुणाकार तीनने कधीच फुटला नसता. फोनने मावशींना तीन सांगितला होता तो यामुळे. पाटी खोटी होती. जगातला कुठलाही फोन, कुठलाही पंडित त्या पाटीवरून हे कपाट उघडू शकत नव्हता.

ज्या फोटोवरून मावशींना कोठडीत टाकलं, तोच फोटो सांगत होता की कपाट त्यांनी उघडलं नाही. पाटीवरचा मार्ग खुला नाही हे न कळता त्या बापड्या त्या मार्गाने गेल्या होत्या. ज्याने उघडलं त्याला पाटीची गरजच नव्हती.

६

बाईंनी कापलेलं दार काढून कुलूपवाल्याच्या दुकानात पाठवलं आणि मागोमाग स्वतः गेल्या. बाईंच्या सांगण्यावरून त्याने मागचं झाकण उघडलं, आतल्या खाचा कंदिलाएवढ्या टॉर्चने न्याहाळल्या आणि म्हणाला,

“काम भारी आहे. वरची ओळ बरोबर लागल्याशिवाय खालची ओळ फिरतच नाही. लिहून घ्या. वर आठ, पाच, एक, तीन. खाली चार, सात, दोन, नऊ.”

बाईंनी तिथूनच चष्मेवाल्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कागदाची खसखस आली.

“दोन्ही मूळ आहेत,” तो म्हणाला. “आणि गुणाकार चार कोटी दोन लाख सत्तावन्न हजार नऊशे सत्त्याहत्तर. पाटीवर काय आहे?”

“सदुसष्ट हजार.”

“म्हणजे पाचाच्या जागी सहा.” त्याने पुन्हा एकदा गुणून पाहिलं. मग म्हणाला, “कोरणारा चुकला असणार. आणि सरांनी मुद्दामच तशी ठेवली असेल, त्यांच्या स्वभावात बसतं ते. इतकी वर्षं, बाई! बेरीज करून बघायची होती फक्त. माझ्या मनातच आलं नाही. सरांनी सांगितलं की दोनच तुकडे होतात, म्हणून धरून चाललो. आणि ऐकलेलं तपासून घ्या, हेही सरांनीच शिकवलं होतं.”

“तुम्ही अगदी वेगळे नाही. मीसुद्धा फोटो बघून थांबले.”

फोन ठेवून त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या. कुलूपवाला दार झाकू लागला.

“गंमत बघा,” तो म्हणाला. “लोक सहसा लहान आकडा आधी ठेवतात. यांनी मोठा वर ठेवलाय, लहान खाली. माहीत नसेल तर दोन्ही आकडे हातात असूनही निम्मा दिवस जाईल.”

आणि बाईंना तो खडा सापडला. मोठी आधी, धाकटी मागून.

सर कपाट उघडताना कुणाला खोलीत ठेवत नसत. आई गेल्यावर ते उघडलेलं आपण पाहिलं नाही, असं लेक म्हणाली होती. मग हे तिने कुठून ऐकलं? कपाट तिने स्वतः उघडलं असतं तर क्रमही पोटातच ठेवला असता. पण तिने क्रम सांगितला, आणि सांगितला मावशींना वाचवताना. ज्याला चोरी लपवायची असते तो दुसऱ्याला वाचवायला जात नाही. ती तिथे होती, पण उघडलं तिने नव्हतं.

मग उरला एकच माणूस. त्याला त्या दोन संख्या ठाऊक होत्या, त्या तो विसरलेला नव्हता आणि तो सबंध वेळ त्याच खोलीत बसून होता. त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही, कारण सगळ्यांनी त्याला खुर्चीबरोबर मोजलं होतं.

७

“आत या,” लेक म्हणाली. तिने कारण विचारलं नाही.

तिचं घर एका खोलीचं होतं, नीटनेटकं. दोरीवर रुमाल वाळत होते. बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

“कपाट सरांनी उघडलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोर.”

लेक भिंतीला टेकली. कुणीतरी हातातलं ओझं उतरवून घ्यावं तसे तिचे खांदे खाली आले.

“माझ्यासमोर नाही. आईसमोर.”

बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मावशी सुट्टीवर होत्या. मला थंडी वाजत होती म्हणून आईचा जुना स्वेटर काढून घातला. केस असे पांढरे, वर तो स्वेटर. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘किती उशीर! अजून तयार झाली नाहीस?’ आवाज असा, जसा मी लहानपणी ऐकला होता. उठले. कपाटापाशी गेले. पुटपुटत होते, मोठी आधी, धाकटी मागून, मोठी आधी, धाकटी मागून. आकडे मला दिसले नाहीत, त्यांनी पाठ केली होती. दार उघडलं, बाई. त्यांनी माझ्या हातात बांगड्या चढवल्या. गळ्यात हार घातला. कानातली मला म्हणाले तूच घाल, मला ते जमत नाही. मग लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाले, ‘छान.’”

तिने डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच वाहू दिलं.

“दोन वर्षांनी ते माझ्याकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. मी कशी म्हणणार, बाबा, मी आई नाही?”

“मग परत का नाही ठेवलं?”

“त्यांनी दार लावून चकत्या फिरवून टाकल्या. परत उघडा म्हटलं तर माझ्याकडे बघून विचारतात, ‘आपण कुणाकडे आलात?’ गेलं ते सगळं. मला एकटीला उघडता येईना. आणि भावाला सांगते, तर तो म्हणाला असता, वेड्या बापाला फसवून दागिने लाटले. त्याने तसं म्हटलंच असतं. खोटंही कसं म्हणू? घातले तर मीच होते.”

“आणि मावशी?”

दोरीवरचा एक रुमाल काढून ती त्याची घडी घालू लागली.

“पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळी सोडतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, पुरावा नाही, सोडतीलच. मग फोटोचं कळलं आणि क्षणभर, बाई, एक क्षण, मला बरं वाटलं. त्यानंतर मला झोप नाही.”

“झोप त्यांनाही नाही. त्यांना फरशी आहे.”

लेकीने कपाटातून स्वेटर काढला. दागिने त्याच्या खिशात होते, रुमालात बांधलेले. तिने गाठ न सोडता ते बाईंच्या हातात दिले.

“चला,” ती म्हणाली. “मीच सांगते सगळ्यांना. भावाला पण.”

८

चिरंजिवांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. शेवटी म्हणाले, “बाबांनी तुला छान म्हटलं?” आणि तिने मान हलवल्यावर तोंड फिरवून चौकीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग त्यांनी तक्रार मागे घेतली. कागदावर सही केली.

मावशी बाहेर आल्या. कुणी त्यांची पिशवी परत दिली, त्यांनी ती उघडून पाहिली नाही. चिरंजीव पुढे झाले.

“मावशी, चुकलं आमचं. घरी चला. पगारही वाढवू.”

“नाही.”

“बाबा जेवत नाहीत हो.”

मावशींचा चेहरा हलला, पण शब्द हलला नाही. “आजोबांसाठी माझा जीव तुटतो. पण ज्या घरात मला चोर म्हटलं त्या घरात मी पाणी पिणार नाही. ताई, तुम्ही तर सगळं माहीत असून गप्प राहिलात. यांनी निदान न कळून केलं.”

लेकीने मान खाली घातली. या बाईसमोर माफी कमी पडणार हे तिला कळलं असावं. फौजदारबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मध्ये पडून दोन गोड शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं, पण नोकरीभरात बोललेले असले शब्द कुणाच्या उपयोगी पडल्याचं त्यांना आठवेना.

मावशी पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर थांबल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मग न वळता म्हणाल्या,

“आज कोण भरवणार त्यांना?”

“मी,” लेक म्हणाली.

“समोर बसू नका. समोर माणूस बसलं की ते बुजतात. डाव्या अंगाला बसायचं, उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही.”

लेक दोन पायऱ्या खाली आली.

“भात ऊन लागतो, पण जीभ भाजेल असा नको. चमचा अर्धाच भरायचा. घास तोंडात गेला की गळ्याकडे लक्ष ठेवा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली की ठसका लागतो.”

“हो.”

“तोंड उघडलं नाही तर रागावू नका. आपण आधी एक घास खायचा. मग बघून बघून उघडतात.”

लेक अजून दोन पायऱ्या उतरली आणि मावशींच्या बाजूला येऊन उभी राहिली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्या गेल्याही नाहीत. औषध कशात कालवायचं, रात्री उशी किती उंच ठेवायची, रडायला लागले तर हात कुठे ठेवायचा, एकामागून एक सांगत राहिल्या, आणि लेक ऐकत राहिली.